घर परमुलखात, कायदा कोणाचा?

दिवाळी अंकात वकिलाने काय लिहावे, हा मला दरवर्षी पडणारा प्रश्न. इतर लेखक हसवितात, रडवितात, भुते नाचवितात. माझ्या पोतडीत मात्र कलमे, मुदती आणि दंड! तरीही संपादक या सदराची पाने दरसाल राखून ठेवतात आणि वाचकांची पत्रेही येतात. त्यावरून माझी अशी समजूत झाली आहे, की फराळाच्या ताटातही लिंबाची एक फोड लागतेच.

यंदा पत्रांचा नूर थोडा पालटलेला दिसला. पूर्वी पत्रे असत ती भाडेकरू उठत नाही, शेजाऱ्याने सामायिक भिंत पाडली, आत्याबाई हिस्सा मागतात, अशा तक्रारींची. यंदा एका पत्रात दुबईतल्या फ्लॅटची चौकशी, दुसऱ्यात थायलंडमधल्या बंगलीची, तिसऱ्यात मुलाच्या गावी न्यू जर्सीत घेऊन ठेवायच्या दोन खोल्यांची. "वर्षातून महिनाभर जाऊन राहू, एरवी भाड्याने देऊ," असे तिन्ही पत्रांत लिहिलेले. परदेशात सुटीचे घर घेणे ही आता केवळ गिरणीमालकांची आणि सिनेनटांची चैन राहिलेली नाही. पेन्शनीतली मंडळीही तिचा हिशेब मांडू लागली आहेत.

नागपूरकराला सुटीच्या घराची हौस नवी नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला, की कूलरसुद्धा गरम वारा फेकू लागतो. पूर्वीच्या मध्यप्रांताचे सरकारच उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जाऊन बसत असे. पचमढीला बंगला असणे ही तेव्हा मोठेपणाची खूण होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात आले, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. त्या बंगल्यांची एक वीटही जागची हलली नाही. पण नागपूरच्या मालकाला वरच्या दादीसाठी आता जबलपूरच्या हायकोर्टाकडे पाहणे आले.

या उदाहरणातच आजच्या लेखाचे सार आहे. दागिने आणि रोकड मालकाबरोबर प्रवास करतात. घर मात्र जमिनीला चिकटलेले असते, आणि जमीन तिथल्या कायद्याला. म्हणून परदेशात घर घेणारा माणूस एकाच वेळी दोन कायद्यांच्या छताखाली जातो. तिथला कायदा घराला लागतो आणि इथला कायदा त्याला स्वतःला व त्याच्या पैशाला. या दोहोंपैकी एकाची जरी चौकशी राहिली, तरी पावसाळ्यात छत गळायचेच.

गेल्या चैत्रात लक्ष्मीनगरातले एक सेवानिवृत्त इंजिनिअर सपत्नीक माझ्याकडे आले. हातात गुळगुळीत कागदाचे पुस्तक, मुखपृष्ठावर निळा समुद्र.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "महालातला वडिलोपार्जित वाडा विकतो आहे. त्या पैशात दुबईला फ्लॅट घेतो. मसुदा इंग्रजीत आहे, मी सगळा वाचला. तुम्ही एकदा नजरेखालून घाला, म्हणजे इसार देऊन टाकतो."

काकू तोवर गप्प बसून होत्या. चहा झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "भाऊ, घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर होणार. उद्या बरेवाईट झाले, तर त्या घराची किल्ली मला कोण देणार?"

इंजिनिअरसाहेब हसले. मी हसलो नाही. साऱ्या व्यवहारातला सर्वात मोलाचा प्रश्न काकूंनी विचारला होता. त्याचे उत्तर पुढे येईलच. पण त्या आधी चार पायऱ्या आहेत, त्या क्रमाने चढू.

पहिली पायरी अशी, की त्या देशात परक्याला घराचा मालक होता येते काय? आपण गृहीत धरतो, की पैसे मोजले म्हणजे मालकी आली. तसे नाही. शेजारच्या नेपाळात परदेशी माणसाला आपल्या नावावर जमीन घेता येत नाही. थायलंडमध्ये जमीन सर्वसाधारणपणे घेता येत नाही. कॉन्डोमिनियम इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशीयांच्या नावावर असू शकते. ते ४९ टक्के भरले असतील, तर तुमची पाळी संपली. बालीचा समुद्र फार सुंदर आहे, पण इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी तिथल्या नागरिकालाच मिळते. दुबईने २००६ साली कायदा करून ठरावीक भागांत परदेशीयांना पूर्ण मालकी खुली केली. त्या भागांबाहेर ती मिळत नाही.

अशा ठिकाणी दलाल एक तोड सुचवितो. "साहेब, इथल्या एका विश्वासू माणसाच्या नावावर घेऊ, तुमच्याशी वेगळा करार करू." वाचकहो, याला आपल्याकडे बेनामी म्हणतात आणि आपल्या देशात त्याविरुद्ध १९८८ पासून कायदा आहे. परमुलखातला बेनामीदार उद्या फिरला, तर ज्या करारावर तुमची भिस्त, तो करारच तिथले कोर्ट रद्दबातल ठरवू शकते. विश्वासू माणसाच्या नावावर घर घेतले, तर घर त्याचे होते आणि तुमच्याकडे फक्त विश्वास उरतो.

दुसरी पायरी म्हणजे मिळते ते नेमके काय, आणि त्याचा उपयोग कसा करता येतो? लंडनमधले बरेचसे फ्लॅट मुदतीच्या पट्ट्याने मिळतात. जमीन दुसऱ्याची, आपली मालकी पट्टा संपेपर्यंत. नागपूरकराला हे समजावून सांगायला नको. नझुलाचे पट्टे आणि नासुप्रचे लीजचे भूखंड यांचे नूतनीकरण करता करता इथे कित्येकांचे जोडे झिजले आहेत. जो प्रश्न आपण धंतोलीत प्लॉट घेताना विचारतो, तो लंडनमध्ये विचारायला लाजू नये. पट्टा किती वर्षांचा, उरली किती, नूतनीकरणाचा खर्च कोणाचा?

उपयोगाचे एक उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले होते. आपल्या महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ साली विकत घेतले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटनही झाले. दीक्षाभूमीच्या या शहराला त्याचा किती आनंद झाला हे सांगायला नकोच. मालकी चोख होती, पैसे चुकते झाले होते. तरीही अडचण आली. ते घर होते राहण्यासाठी नोंदलेले. त्याचे संग्रहालय करायचे, तर कॅम्डेनच्या स्थानिक कौन्सिलची परवानगी हवी. राहत्या घरांची संख्या घटेल या कारणाने कौन्सिलने २०१८ मध्ये ती नाकारली. शेजाऱ्यांच्याही तक्रारी होत्या. प्रकरण अपिलात गेले, २०१९ मध्ये सार्वजनिक चौकशी झाली, दोन्ही बाजूंचे वकील भांडले, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांच्या निर्णयाने परवानगी मिळाली.

शेवट गोड झाला. पण विचार करा, ज्या खरेदीदारामागे एक अख्खे राज्य होते, त्यालाही गल्लीतल्या कौन्सिलपुढे उभे राहावे लागले. मग तुमची-आमची काय कथा? "एरवी भाड्याने देऊ" हे वाक्य तर आपण किती सहज बोलतो! लंडनमध्ये राहते घर थोड्या-थोड्या दिवसांच्या भाड्याने द्यायचे, तर वेगळ्या परवानगीवाचून वर्षाला ९० रात्रींचीच मुभा आहे. तुमच्या हिशेबात जर २०० रात्रींचे भाडे धरले असेल, तर तो हिशेब आधीच बुडाला.

याच पायरीवर व्हिसाची गोष्ट सांगून टाकतो. घर घेतले म्हणजे त्या देशात राहण्याचा हक्क मिळाला, असे नाही. मालकीचा कायदा वेगळा, प्रवेशाचा वेगळा. काही देश घराबरोबर निवासाचा परवाना देतात. पण पोर्तुगालने घरखरेदीवर परवाना देण्याची वाट २०२३ मध्ये बंद केली, आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. घराची किल्ली खिशात आणि विमानतळावर प्रवेश नाही, अशी वेळ येऊ नये इतकेच.

आता तिसरी पायरी, आपल्या पैशाची. एक काळ असा होता, की रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून परदेशात घर घेण्याचा विचारही करता येत नसे. १९७३ चा फेरा कायदा लोकांना तुरुंगाची आठवण करून देई. १९९९ च्या फेमा कायद्याने ती जरब कमी केली, आणि २००४ पासून प्रत्येक रहिवाशाला वर्षाला ठरावीक डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा मिळाली. सुरुवात २५,००० डॉलरांनी झाली. २०१५ पासून मर्यादा दर आर्थिक वर्षाला माणशी २,५०,००० डॉलर आहे. मात्र ही मुभा कायमची आंदण समजू नये. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा ७५,००० वर आणली गेली आणि या पैशातून घर घेण्यास मनाई झाली. ती मनाई २०१४ मध्ये उठली. ज्यांनी अर्धे हप्ते भरून ठेवले असतील, त्यांच्या तोंडचे पाणी त्या वर्षभरात पळाले असणार.

या मुभेच्या काही अटी घराघरांत माहीत असायला हव्यात. ही सवलत व्यक्तीला आहे, एकत्र हिंदू कुटुंबाला नाही. नवरा, बायको, मुलगा यांनी आपापली मर्यादा एकत्र करून एक घर घ्यायचे असेल, तर पैसे पाठविणाऱ्या प्रत्येकाचे नाव मालक म्हणून खरेदीखतावर हवे. "पैसे तिघांचे, नाव बाबांचे" हे चालत नाही. या कामासाठी पैसे पाठवायला आपल्या बँकांनी कर्ज द्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. बिल्डर लांब मुदतीचे हप्ते देऊ करीत असेल, तर सही करण्याआधी आपल्या बँकेला लेखी विचारावे. परदेशी राहणाऱ्या मुलाबरोबर किंवा जवळच्या नातेवाइकाबरोबर मिळून घर घेण्याची सोय २०२२ च्या नियमांत आहे. आणि जो माणूस परदेशात नोकरीला असताना तिथे घर घेऊन मग नागपूरला परतला, त्याला ते घर खुशाल ठेवता येते. आखातातून परतलेल्या पुष्कळ मंडळींना हे ठाऊक नसते आणि ती उगाच घाबरून असतात.

इन्कम टॅक्सचा फाटा याच पायरीतून फुटतो. घरासाठी पाठविलेल्या रकमेतल्या १० लाख रुपयांवरील भागावर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. हा नियम १० लाखांच्या मर्यादेसह एप्रिल २०२५ पासून आहे. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्रात वळती होते. पण ऐन वेळी रोख अडकते. इंजिनिअरसाहेबांचा घोळ मात्र याहून मोठा होता. वाडा विकून येणाऱ्या नफ्यातून नवे घर घेतले की त्या नफ्यावरचा कर वाचतो, हे त्यांनी ऐकले होते. अर्धे बरोबर होते. २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यात दोन शब्द आले, "भारतात असलेले". नवे घर भारतात घेतले तरच सूट. महालातला वाडा विकून दुबईचा फ्लॅट घेतला, तर करही भरावा लागणार होता आणि त्यांच्या हिशेबात त्याचा एक पैसाही धरलेला नव्हता.

शिवाय घर झाल्यावर दरवर्षी विवरणपत्रातल्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायचे, भाडे आले तर तेही. तिथे कर भरला असला, तर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार त्याची वजावट मिळू शकते. पण सांगणे चुकवायचे नाही. २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यात हे न दाखविल्याबद्दल १० लाख रुपये दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परकीय मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, परंतु स्थावर मालमत्ता त्या सवलतीतून मुद्दाम वगळलेली आहे. म्हणजे विसरलेले बँकखाते एक वेळ माफ होईल, विसरलेले घर होणार नाही.

चौथी पायरी भांडणाची. इथला बिल्डर ताबा देईना, तर महारेराकडे जाता येते, ग्राहक न्यायालय आहे, सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाचे खंडपीठ आहे. परमुलखातल्या इमारतीवर महारेराची सत्ता चालत नाही. घराच्या मालकीचा दावा घर जिथे आहे तिथेच लावावा लागतो, आणि करारात बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की तंटा अमुक शहरात, अमुक भाषेत चालेल. प्रवासाचा खर्च, तिथला वकील, भाषांतराचा खर्च हे सारे घराच्या किमतीतच धरायला हवे. उलट बाजू ध्यानात घ्या. ब्रिटन, सिंगापूर आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती या देशांच्या वरिष्ठ कोर्टांचे पैशाचे हुकूमनामे आपल्या दिवाणी संहितेप्रमाणे इथल्या जिल्हा कोर्टातून बजावता येतात. हप्ते थकवून नागपूरला येऊन बसलो म्हणजे सुटलो, असे कोणी समजू नये. दुबईचा हुकूमनामा लक्ष्मीनगरातल्या घराचे दार ठोठावू शकतो.

बांधकाम चालू असलेले घर घेत असाल, तर एक प्रश्न मुद्दाम विचारा. पैसे बिल्डरच्या खात्यात जातात, की त्या प्रकल्पाच्या राखीव खात्यात? दुबईत २००७ पासून अशा राखीव खात्याचा कायदा आहे. तो आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तुमचा धनादेश त्याच खात्यावर आहे ना, एवढे पाहा.

आता काकूंचा प्रश्न. माणूस गेल्यावर घर कोणाचे?

आपल्या डोक्यात १९५६ चा हिंदू वारसा कायदा बसलेला असतो. मृत्युपत्र नसेल, तर विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे हिस्से. पण हा कायदा समुद्र ओलांडून घरामागे जातोच, असे नाही. स्थावराचा वारसा पुष्कळ देशांत स्थावर जिथे असेल तिथल्या कायद्याने ठरतो. फ्रान्समध्ये मुलांचा हिस्सा राखीव असतो; एक मूल असेल तर अर्धा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश. "सारे बायकोला" असे मृत्युपत्र लिहून ठेवले, तरी तिथे अडचण उभी राहू शकते. अमिरातीत मुसलमानेतरांसाठी २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यात मृत्युपत्र नसल्यास सर्वसाधारणपणे अर्धा वाटा जोडीदाराला आणि अर्धा मुलामुलींत समान असा नियम आहे. आईचा वाटा, जो आपल्या कायद्यात आहे, तो या वाटणीत येत नाही.

वारसाबरोबर कराचीही पाहुणी येते. आपल्याकडे मृत्युकर १९८५ साली रद्द झाला, त्यामुळे एक पिढी तो शब्दच विसरली. ब्रिटनमधल्या घरावर, मालक कुठेही राहो, साधारणपणे ३,२५,००० पौंडांवरील मूल्याला ४० टक्के वारसाकर लागतो. अमेरिकेत तर अनिवासी परदेशीयाला फक्त ६०,००० डॉलरांपर्यंतच सूट आहे, आणि वरचा दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. अमेरिकन नागरिक नसलेल्या विधवेला तिथली पती-पत्नींची मोठी सवलतही आपोआप मिळत नाही. मुलाच्या शेजारी न्यू जर्सीत दोन खोल्या घेणाऱ्या आईबापांनी हा आकडा कागदावर लिहून देवघराजवळ लावावा.

म्हणून काकूंना मी सांगितले ते असे. घर घ्यायचेच, तर दोघांच्या नावाने घ्या. आणि एक गेल्यावर दुसऱ्याचा वाटा आपोआप वाढतो, की वारसांत वाटला जातो, हे तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. तिथल्या घरापुरते तिथले वेगळे मृत्युपत्र करा. दुबईत मुसलमानेतरांसाठी ते इंग्रजीत नोंदविण्याची सोय २०१५ पासून आहे. मात्र दोन मृत्युपत्रे करताना दुसऱ्यात "पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे नेहमीचे वाक्य सवयीने टाकू नका. नाहीतर एक दुसऱ्याला गिळून टाकते. आपल्याकडे साध्या मृत्युपत्रावर फेरफार होऊन जातो. परक्या कचेरीला कोर्टाच्या शिक्क्याचा कागद लागतो. तो मिळेपर्यंत घराला कुलूप, आणि देखभालीचे बिल मात्र चालूच.

इंजिनिअरसाहेबांनी ते गुळगुळीत पुस्तक मिटले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा हिशेबाचा कागद काकूंच्या अक्षरात होता. वाड्याच्या पैशातून त्यांनी इथेच मुलीच्या घराजवळ फ्लॅट घेतला, कराची सूट मिळविली, आणि दुबईला दर हिवाळ्यात भाड्याच्या घरात तीन आठवडे राहायचे ठरविले. हेच सर्वांनी करावे, असे मी म्हणत नाही. ज्याची ऐपत आहे, मुले तिकडे आहेत, वर्षाचे तीन-चार महिने तिकडे राहणे खरेच होणार आहे, त्याने परदेशात घर जरूर घ्यावे. कायद्याने आज तशी वाट मोकळी आहे.

फक्त इसार देण्याआधी पाच उत्तरे लेखी हातात असू द्या. मी मालक होऊ शकतो काय? मला त्यात काय करता येईल? माझा पैसा कोणत्या वाटेने जाईल आणि त्यावर इथे काय भरावे लागेल? भांडण झाले तर कोणत्या गावच्या कोर्टात? आणि माझ्यामागे ते कोणाचे? पहिली दोन आणि शेवटची दोन उत्तरे तिथल्या वकिलाकडून घ्यावीत. पण तो वकील बिल्डरने सुचविलेला नसावा. मधले उत्तर इथल्या बँकेकडून आणि कर सल्लागाराकडून. या चौकशीला फीचे पैसे लागतील. महालातला वाडा घेताना आपले आजोबा तीस वर्षांचे जुने दस्त तपासून घेत, तेव्हा त्यांनाही लागलेच होते.

आणि एक विनंती. ही उत्तरे आली, की घरातल्या बाईसमोर मोठ्याने वाचावीत. कित्येक घरांत मालमत्तेचे कागद ज्या कपाटात असतात, त्याची किल्लीही तिला ठाऊक नसते. या लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू लावाल, तेव्हा तेवढे कपाट उघडून दाखवा.

सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा.